एक हार माफ! अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलची ओमाहावारी

२०१८ चा जून महिना. माझी बारावी नुकतीच झाली होती आणि इंदूरच्या आमच्या घरात कॉलेजच्या ॲडमिशनशिवाय दुसरा विषय नव्हता. एका सकाळी फॅमिली ग्रुपवर माझ्या मावसबहिणीचा व्हिडिओ आला. ताई तेव्हा अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात एमएस करत होती. व्हिडिओ जेमतेम वीस सेकंदांचा. हजारो माणसांनी भरलेलं स्टेडियम, उंच हवेत उडालेला पांढरा चेंडू, त्याच्या खाली तीन बाजूंनी धावत येणारी तीन मुलं. चेंडू खाली आला आणि तिघांच्या मधोमध गवतावर पडला. स्टेडियममधून एकदम असा आवाज आला, जसा आपल्याकडे विराट शून्यावर आऊट झाल्यावर येतो.

"कॅच सुटला का गं?" बाबांनी फोनवर ताईला विचारलं.

"सुटला कसला काका, कोणाचा हातच लागला नाही!" ताईचा आवाज बसला होता. "तो धरला असता ना, तर मॅच संपली होती. मॅच काय, अख्खी स्पर्धाच संपली होती."

बाबा क्रिकेटवाले. कॉलेजात असताना युनिव्हर्सिटीच्या इंटरकॉलेज स्पर्धेत खेळलेले, त्यामुळे कॅचच्या बाबतीत त्यांच्याशी कोणी वाद घालत नाही. त्यांनी तो व्हिडिओ सात-आठ वेळा पाहिला. "एकानेही 'माझा, माझा' म्हणून ओरडायला नको?" असं म्हणून ते आंघोळीला गेले. पण विषय तिथे संपला नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात दर जूनमध्ये बेसबॉल असतो. तोही मोठ्या पगारवाल्या खेळाडूंचा नाही, कॉलेजच्या मुलांचा.

ही स्पर्धा नेमकी आहे काय?

तिचं नाव आहे कॉलेज वर्ल्ड सिरीज. नावात 'वर्ल्ड' असलं तरी खेळतात फक्त अमेरिकेतली कॉलेजं. (अमेरिकन लोकांना या शब्दाचं फारसं ओझं वाटत नाही.) तिकडच्या कॉलेज खेळांचा कारभार एनसीएए नावाची संघटना पाहते. तिच्या सर्वांत वरच्या श्रेणीत जवळपास तीनशे कॉलेजांचे बेसबॉल संघ आहेत. फेब्रुवारीच्या मध्यात, कडाक्याच्या थंडीत हंगाम सुरू होतो आणि मे अखेरपर्यंत प्रत्येक संघ पन्नासहून जास्त सामने खेळतो. मग त्यातले ६४ संघ निवडले जातात. चार-चारच्या गटांत १६ ठिकाणी सामने होतात, १६ संघ उरतात. त्यांच्या जोड्या लागतात, तीनपैकी दोन सामने जिंकणारा पुढे. उरतात आठ. हे आठ संघ जूनच्या मध्यात ओमाहाला येतात.

कुठल्याही कॉलेजच्या बेसबॉल खेळाडूला "यंदा काय ठरवलंय?" असं विचारलं तर तो "चॅम्पियन व्हायचंय" असं क्वचितच म्हणेल. तो म्हणेल, "ओमाहा." आपल्याकडे वारकरी जसं नुसतं 'पंढरी' म्हणतो, तसंच काहीसं. शहराचं नाव हेच स्पर्धेचं नाव झालंय.

पहिली स्पर्धा १९४७ साली मिशिगन राज्यातल्या कलामझू गावात झाली. तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाने येल विद्यापीठाला हरवलं. येलच्या संघात पहिल्या बेसवर उभा राहणारा एक सडपातळ मुलगा होता, जॉर्ज बुश. दुसऱ्या महायुद्धात विमान चालवून परत आलेला. पुढच्या वर्षी तो कॅप्टन झाला, येल पुन्हा अंतिम फेरीत आलं आणि पुन्हा हरलं. तोच मुलगा पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. १९४९ ला स्पर्धा कॅन्सस राज्यातल्या विचिटाला झाली, १९५० पासून ओमाहाला आली आणि तिथेच राहिली. २०२० साली कोरोनामुळे झालीच नाही, ते एक वर्ष सोडलं तर दर जूनला ओमाहा ठरलेलं. शहराने २०३५ पर्यंतचा करारही करून ठेवलाय.

हरले ना, मग परत कसे खेळतायत?

हा बाबांचा प्रश्न. पहिल्या वर्षी त्यांनी हा प्रश्न इतक्या वेळा विचारला की शेवटी मी वहीच्या पानावर रेघा ओढून समजावलं. तुम्हालाही सांगते, कारण या स्पर्धेतली सगळी गंमत आणि सगळं दुखणं याच नियमात आहे.

ओमाहात आलेल्या आठ संघांचे चार-चारचे दोन गट होतात. समजा एका गटात अ, ब, क, ड असे चार संघ आहेत. अ ने ब ला हरवलं, क ने ड ला हरवलं. आपल्या नॉकआऊट स्पर्धेत ब आणि ड बॅगा भरून घरी गेले असते. इथे तसं नाही. एक हार माफ असते. ब आणि ड आपापसांत खेळतात. त्यात जो हरेल, म्हणजे ज्याच्या नावावर दोन पराभव जमा होतील, तो घरी. जिंकलेला संघ मागच्या दाराने पुन्हा आत येतो आणि गटातून वर येण्यासाठी झगडत राहतो. शेवटी दोन गटांतले दोन विजेते उरतात. त्यांच्यात तीन सामन्यांची अंतिम मालिका होते, दोन जिंकणारा चॅम्पियन.

बाबांना हा नियम फार आवडला. "आमच्या वेळी असं असतं तर..." असं म्हणून ते थांबले. पुढचं वाक्य मला बरंच नंतर कळलं.

पण ही माफी फुकट नाही. पहिलाच सामना हरलेल्या संघाला गटातून वर यायचं तर सलग चार सामने जिंकावे लागतात. आणि बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, रोज चेंडू टाकू शकत नाही. पूर्ण वेग लावून शंभर चेंडू टाकले की खांदा आणि कोपर दुखायला लागतात. मुख्य पिचरला साधारण चार-पाच दिवस विश्रांती लागते. त्यामुळे हरलेल्या संघाकडे संधी असते, पण ती पेलायला ताजे हात नसतात. मग दुसऱ्या फळीतला कोणीतरी, कधीकधी पहिल्या वर्षाचा पोरगा, मैदानाच्या मधल्या त्या मातीच्या उंचवट्यावर जाऊन उभा राहतो.

आता पुन्हा त्या व्हिडिओकडे

क्रिकेट येणाऱ्या माणसाला बेसबॉल समजायला दहा मिनिटं पुरतात. नऊ डाव. प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात आणि तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. बॅटरला तीन स्ट्राइक झाल्या की तो बाद. चेंडू ठरावीक रेषांच्या बाहेर गेला तर त्याला फाऊल म्हणतात. फाऊलवर धावा मिळत नाहीत, पण तो झेलला तर बॅटर बाद होतो. नुसता जमिनीवर पडला तर बॅटर पुन्हा उभा राहतो. एवढं लक्षात ठेवा.

२७ जून २०१८. अंतिम मालिकेतला दुसरा सामना, आर्कान्सा विरुद्ध ओरेगन स्टेट. पहिला सामना आर्कान्साने जिंकला होता. हा जिंकला की विजेतेपद, आणि आर्कान्साने तोवर ते कधीच जिंकलं नव्हतं. नवव्या डावात आर्कान्सा ३-२ ने पुढे. ओरेगनचे दोन गडी बाद, एक खेळाडू तिसऱ्या बेसवर. बॅटर केडिन ग्रेनियरने मारलेला चेंडू उजव्या बाजूला, रेषेबाहेर उंच उडाला. फाऊल. झेलला की खेळ खलास. कट्टा टाकून आर्कान्साची मुलं मैदानात धावत सुटायच्या बेतात होती.

तिघे धावले. प्रत्येकाला वाटलं दुसरा घेईल. चेंडू पडला.

ग्रेनियर पुन्हा उभा राहिला, त्याने चेंडू मोकळ्या जागेत मारला, बरोबरी झाली. पुढचा बॅटर ट्रेव्हर लार्नाक. त्याने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. ओरेगन ५-३ ने पुढे गेलं आणि तोच निकाल राहिला.

हर्शेल गिब्जच्या हातून १९९९ च्या वर्ल्डकपमध्ये स्टीव्ह वॉचा कॅच निसटला होता, ते आपल्याकडच्या तिशी-चाळिशीतल्या कोणालाही आठवतं. पण गिब्ज व्यावसायिक खेळाडू होता, त्याला पुढे शेकडो सामने मिळाले. ही मुलं विशी-बाविशीची. त्या तिघांची नावं इंटरनेटवर सहज सापडतात, मी मुद्दाम लिहीत नाही. कॉलेजात केलेली एक चूक जन्मभर शोधाच्या पहिल्या पानावर असणं पुरेसं आहे.

दुसऱ्या रात्री निर्णायक सामना होता. ओरेगनने पिचर म्हणून केव्हिन एबल याला उतरवलं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, आदल्या रात्रीही त्याने थोडी पिचिंग केलेली. त्याने पूर्ण नऊ डाव एकट्याने टाकले. १२९ चेंडू. आर्कान्साला एकही धाव मिळाली नाही. ओरेगन स्टेट ५-० ने जिंकलं आणि एका कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये चार सामने जिंकणारा एबल हा पहिला पिचर ठरला. ताईने तेव्हाचाही व्हिडिओ पाठवला होता. सगळा संघ धावत येऊन एबलच्या अंगावर कोसळतो, एकावर एक, माणसांचा ढीग. हे ढीग घालणं ओमाहाची प्रथाच आहे.

पुढच्या वर्षी एबलच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्या १२९ चेंडूंमुळेच झाली असं कोणी म्हणू नये, पिचर मुलांमध्ये हे ऑपरेशन आता नेहमीचं झालंय. पण बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कोचने थांबवायला हवं होतं." मी म्हटलं, "थांबवलं असतं आणि हरले असते तर?" त्यावर ते काही बोलले नाहीत. घरात आईचं मत मात्र पक्कं आहे. "पोरगं कोणाचं, हात कोणाचा, आणि कप कोणाच्या कपाटात?"

दुसरी संधी न मिळालेले

एक हार माफ, या नियमावरचा विश्वास डळमळला तो २०२१ साली. नॉर्थ कॅरोलिना स्टेटच्या संघाने ओमाहात पहिले दोन्ही सामने जिंकले होते. आता व्हँडरबिल्टविरुद्ध एक विजय मिळाला की ते अंतिम मालिकेत. शुक्रवारी सकाळी संघात कोरोना निघाला. सामना तासभर उशिरा सुरू झाला तेव्हा त्यांच्याकडे खेळण्याजोगे फक्त १३ खेळाडू होते. तरी ते लढले, ३-१ ने हरले. हा त्यांचा पहिलाच पराभव. नियमाप्रमाणे शनिवारी त्याच व्हँडरबिल्टशी निर्णायक सामना व्हायचा होता.

तो झालाच नाही. मध्यरात्र उलटल्यावर एनसीएएने जाहीर केलं की सामना रद्द, व्हँडरबिल्ट पुढे. मुलं हॉटेलात झोपायला गेली होती ती स्पर्धेत असताना, उठली ती स्पर्धेबाहेर.

यात कोण चुकलं यावर तिकडे बराच वाद झाला. नियम सगळ्यांना सारखेच होते आणि आजार खरा होता, हेही मान्य. तरी मला वाटतं, मैदानावर हरून घरी जाणं आणि हॉटेलच्या खोलीतून घरी जाणं यांत फरक आहे. व्हँडरबिल्टलाही त्याचा फार उपयोग झाला नाही. अंतिम मालिकेत त्यांना मिसिसिपी स्टेटने हरवलं, आणि मिसिसिपी स्टेटचं ते कुठल्याही सांघिक खेळातलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद होतं.

आणि मिळालेल्या संधीचं सोनं करणारे

याच्या उलट टोकाला फ्रेस्नो स्टेट. २००८ साली हा संघ तब्बल ३१ सामने हरला. पुन्हा वाचा, ३१. चार संघांच्या प्राथमिक गटात त्यांना सर्वांत खालचं, चौथं मानांकन होतं. तिथून ते ओमाहाला आले आणि जॉर्जियाविरुद्धच्या अंतिम मालिकेतला पहिला सामना हरले. दुसऱ्यात १९-१० ने जिंकले. तिसऱ्यात त्यांच्या स्टीव्ह डेटवायलरने सहाच्या सहा धावा एकट्याने काढून दिल्या आणि शेवटचा झेलही त्यानेच घेतला. अंगठ्याचा लिगामेंट फाटलेला असताना! निकाल ६-१. एवढ्या खालच्या मानांकनाचा संघ चॅम्पियन होण्याची ती पहिलीच वेळ.

२०२२ मध्ये ओल मिस नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिसिसिपी विद्यापीठाचंही असंच. ६४ संघांच्या यादीत शेवटची जागा त्यांना मिळाली, आणि वर्षअखेर करंडक त्यांच्याकडे.

बाबांची आवडती गोष्ट मात्र वेगळी आहे. १९९६ चा अंतिम सामना, लुइझियाना स्टेट विरुद्ध मायामी. तेव्हा मालिका नव्हती, एकच सामना. शेवटचा डाव, मायामी ८-७ ने पुढे, दोन गडी बाद, एक धावपटू बेसवर. बॅटिंगला वॉरन मॉरिस. मनगटाजवळचं हाड मोडल्यामुळे अर्धाअधिक हंगाम बाहेर बसलेला. त्या वर्षी त्याच्या नावावर एकही होमरन नव्हता. त्याने पहिलाच चेंडू उजवीकडच्या भिंतीवरून पलीकडे टाकला. ९-८, खेळ खल्लास. "शारजा, १९८६. मियाँदाद," एवढंच बाबा म्हणाले. त्यांच्या पिढीला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही. फक्त इथे आपण मायामी नव्हतो, म्हणून मजा आली.

सतरा वेळा आलेला माणूस

या स्पर्धेत कोणावर जीव जडावा असा विचार केला तर मी माइक मार्टिन यांचं नाव घेईन. फ्लोरिडा स्टेटचे प्रशिक्षक. १९८० ते २०१९, सलग चाळीस हंगाम, एकच कॉलेज. या चाळीसच्या चाळीस वर्षांत त्यांचा संघ ६४ संघांच्या किंवा त्यापूर्वीच्या लहान मुख्य स्पर्धेत पोहोचला. एकूण विजय २,०२९. निवृत्त झाले तेव्हा वरच्या श्रेणीत इतके विजय कोणाच्याच नावावर नव्हते.

ते सतरा वेळा संघ घेऊन ओमाहाला आले. सतराही वेळा रिकाम्या हाताने परत गेले. १९८६ ला अंतिम सामना हरले, १९९९ ला पुन्हा अंतिम सामना, तोही ६-५ असा एका धावेने. शेवटच्या हंगामात संघ जेमतेम मुख्य स्पर्धेत शिरला होता, तरी ओढत ओढत ओमाहापर्यंत आला. सगळ्या अमेरिकेला वाटत होतं, यंदा म्हाताऱ्याला मिळू दे. नाही मिळालं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले. त्याच वर्षी जूनमध्ये फ्लोरिडा स्टेट पुन्हा ओमाहात होतं, प्रशिक्षक होते मार्टिन यांच्याच हाताखाली खेळून गेलेले लिंक जॅरेट. तेव्हाही जिंकले नाहीत. त्या वर्षी टेनेसी जिंकलं.

ही मुलं कोण असतात?

फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या तुलनेत कॉलेज बेसबॉल तसा गरीब भाऊ. अगदी अलीकडेपर्यंत नियम असा होता की एका संघाला ११.७ शिष्यवृत्त्या वाटता येतील. हो, दशांश चिन्हासकट! त्या जास्तीत जास्त २७ खेळाडूंमध्ये तुकडे करून वाटायच्या. म्हणजे कोणाची अर्धी फी माफ, कोणाची पाव, बाकीची आई-वडिलांनी भरायची. आता नियम बदललेत. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे मिळवता येतात आणि शिष्यवृत्तीची ती मर्यादाही गेली. तरी मोठ्या कॉलेजातला स्टार आणि लहान कॉलेजातला चौथा पिचर यांच्या खिशात जमीन-अस्मानाचा फरक आहेच.

दर जुलैत व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात. २०२३ ला लुइझियाना स्टेटने कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकली आणि काही दिवसांतच त्यांचा पिचर पॉल स्कीन्स देशात पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, त्याचाच सहकारी डिलन क्रूज दुसऱ्या. एकाच कॉलेजचे दोघे पहिल्या दोन जागांवर, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पण ३० संघ मिळून सहाशेच्या आसपास मुलं निवडतात, त्यांतली कित्येक तर शाळेतून थेट आलेली. कॉलेजांत खेळणारी मुलं हजारोंनी. त्यामुळे ओमाहात हरलेल्या संघातला शेवटच्या वर्षाचा मुलगा डोळे पुसताना दिसतो, तेव्हा तो फक्त त्या सामन्यासाठी रडत नसतो. उद्यापासून तो बेसबॉल खेळाडू नसतो. सहाव्या वर्षापासून जे केलं, ते संपलं. पुढे नोकरी, इन्शुरन्सची कंपनी, शाळेतली मास्तरकी, वडिलांचं दुकान.

हे पाहतानाच बाबांनी त्यांचं अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. त्यांचा शेवटचा सामना बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाचा. इंटरकॉलेजची पहिली फेरी, नॉकआऊट. बाबा चार धावांवर रनआऊट झाले, संघ हरला, दुपारी दोनपर्यंत सगळं आटोपलं. संध्याकाळी कॉलेजची किट बॅग जमा केली. महिनाभरात आजोबांनी त्यांना ओळखीच्या माणसाच्या गोदामात हिशोबाला बसवलं. "आणखी एक मॅच मिळाली असती तर काही मी गावस्कर झालो नसतो गं," ते म्हणाले, "पण रनआऊट होऊन तरी संपलं नसतं."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "रन तुमचीच होती, तुम्हीच हाक मारली होती. तीस वर्षं ऐकतेय." त्यावर जोरदार वाद झाला, तो इथे देत नाही.

स्वतःची टीम नसलेलं शहर

ओमाहा हे नेब्रास्कातलं सर्वांत मोठं शहर, मिसुरी नदीच्या काठावरचं. तिथे मुख्य व्यावसायिक लीगचा बेसबॉल संघ नाही. नेब्रास्काचा कॉलेज संघही या स्पर्धेत क्वचितच पोहोचतो. मग चोवीस हजारांचं स्टेडियम भरतं कोणासाठी? ताई सांगते, तिथली कुटुंबं दर वर्षी आठांपैकी एक संघ दत्तकच घेतात. तिच्या घरमालकीणबाईंनी त्या वर्षी ओरेगन निवडलं होतं, का तर त्यांच्या नातवाला त्यांचा बीव्हर आवडला होता. बीव्हर म्हणजे नदीत बांध घालणारा तो दातेरी प्राणी, ओरेगन स्टेटचं ते चिन्ह. स्पर्धेआधी सराव पाहायला सगळ्यांना मोकळा प्रवेश असतो. लहान मुलं चेंडू आणि मार्कर घेऊन रांगेत उभी राहतात आणि वीस वर्षांचे खेळाडू, ज्यांना त्यांच्या गावाबाहेर कोणी ओळखत नाही, ते सह्या देत बसतात.

२०१० पर्यंत सामने रोझेनब्लॅट स्टेडियमवर होत. जॉनी रोझेनब्लॅट हे स्वतः बेसबॉल खेळलेले, ही स्पर्धा शहरात आणण्यासाठी झटलेले आणि पुढे ओमाहाचे महापौर झालेले गृहस्थ. त्यांच्या नावाचं ते जुनं स्टेडियम आता पाडलंय आणि जागा शेजारच्या प्राणिसंग्रहालयाकडे गेलीये. तिथे आठवण म्हणून एक छोटं मैदान ठेवलंय. ताईने तिथे उभं राहून फोटो काढला होता, मागे पार्किंग. नवं स्टेडियम गावाच्या मध्यवस्तीत, २०११ पासून. दारापुढे आनंदाने एकमेकांवर झेपावणाऱ्या खेळाडूंचा पुतळा आहे, जुन्या स्टेडियमसमोरून आणलेला. 'रोड टू ओमाहा' हे त्याचं नाव.

एक आवाजही या स्पर्धेची ओळख आहे. व्यावसायिक बेसबॉलमध्ये बॅट लाकडीच लागते. कॉलेजात १९७४ पासून धातूची बॅट चालते. त्यामुळे चेंडू लागला की 'ठक्' ऐवजी 'टिंग' असा आवाज येतो, स्टीलच्या पातेल्यावर डाव आपटावा तसा. एके काळी या बॅटने चेंडू इतका लांब जायचा की १९९८ चा अंतिम सामना २१-१४ असा संपला होता! २०११ पासून बॅटवर कडक नियम आले.

आपला काही संबंध?

सरळ नाही, पण एक धागा आहे. २००८ साली भारतात वेगवान चेंडू फेकणाऱ्या मुलांचा शोध घेणारी 'मिलियन डॉलर आर्म' ही स्पर्धा झाली. त्यातून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग (क्रिकेटवाला रिंकू नव्हे) आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू अमेरिकेत गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. त्यांच्यावर २०१४ मध्ये डिस्नेचा सिनेमाही आला. त्याआधी बेसबॉलचा ओ की ठो माहीत नसलेल्या या दोघांचं प्रशिक्षण झालं ते लॉस एंजेलिसमध्ये, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या परिसरात. हेच ते कॉलेज, ज्याने ओमाहाची ही स्पर्धा सर्वाधिक, म्हणजे बारा वेळा जिंकलीये. त्यांतली पाच तर सलग, १९७० ते १९७४.

आणि घरात सॉफ्टबॉल खेळणारी मुलगी असेल, जशी आपल्याकडे अनेक शाळांत असतात, तर तिला सांगा की मुलींचीही अशीच कॉलेज वर्ल्ड सिरीज असते. ती ओक्लाहोमा सिटीला होते, आणि मुलांच्या स्पर्धेच्या आधी.

पाहायचं असेल तर गणित सोपं आहे. जूनमध्ये ओमाहा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तिकडे संध्याकाळी सहाला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला असतो. तेवढी झोपमोड नको असेल तर नंतर ऑनलाइन हायलाइट्स मिळतात.

बाबा हायलाइट्स बघत नाहीत. निकाल आधी कळतो, असं त्यांचं म्हणणं. २०२५ च्या जूनमध्ये लुइझियाना स्टेट आणि कोस्टल कॅरोलिनाची अंतिम मालिका होती. मध्यरात्रीच्या सुमारास त्यांचा अलार्म वाजला, मग शेजारच्यांचा कुत्रा भुंकला, मग आई उठली. चहा करता करता तिने विचारलं, "आज कोणाला माफ आहे?"

"कोणालाच नाही," बाबा म्हणाले. "फायनल आहे. कोस्टल कालच एक हरलेत, आज हरले की घरी."

ते हरले. लुइझियानाची मुलं धावत मैदानात आली, ढीग पडला. बाबांनी मात्र फोन दुसरीकडे वळू नये म्हणून थांबवून धरला होता. पडद्याच्या कडेला कोस्टलचे दोघे-तिघे कट्ट्याच्या कठड्याला टेकून उभे होते, ग्लोव्ह अजून हातातच.

"काढवत नाहीये बघ त्यांना," ते म्हणाले, आणि चहा गार झाला म्हणून आईची बोलणी खाल्ली.